रीफ टँकमधलं शेवाळ: आधी ओळखा, मग हाताने काढा, औषध सगळ्यात शेवटी

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, शेवाळ वाढलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठलं औषध टाकू. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, कारण खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात निदान पाच-सहा वेगवेगळे प्रकार असतात, त्यातले काही तर शेवाळ नसतातच, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की प्रॉब्लेम कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होतो. म्हणून बाटली हातात घ्यायच्या आधी टँकसमोर बसा आणि नीट बघा, रंग काय आहे, हाताला कसं लागतंय, कुठे वाढतंय, रात्री लाइट बंद झाल्यावर दिसतंय की गायब होतंय.

सगळ्यात साधं म्हणजे डायटम. नवीन टँक सेट केला की पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी धुळीसारखा थर येतो, बोटाने पुसला की लगेच निघतो. याला सिलिकेट लागतं, ते पाण्यातलं आणि नवीन वाळूतलं संपलं की आपोआप जातं. याच्या मागे लागू नका, काच पुसा आणि सोडून द्या. मात्र जुन्या स्थिरावलेल्या टँकमध्ये डायटम अचानक परत आले तर आरओडीआय, म्हणजे नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या युनिटचं डीआय रेझिन (त्यातलं शेवटच्या टप्प्याचं फिल्टर) तपासा, कारण रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटायला लागतं आणि तेव्हा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) अजून शून्यच दाखवत असतो.

लाल किंवा जांभळट, बुळबुळीत, चादरीसारखा थर जो सायफनने ओढला की अख्खा पापुद्रा निघून येतो तो सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, हे बॅक्टेरिया आहेत, शेवाळ नाही. हिरवे लांब केस म्हणजे हेअर अल्गी, यात डर्बेसिया वगैरे बरेच प्रकार येतात. त्याच्यासारखंच दिसणारं पण जवळून बघितलं तर पिसासारख्या फांद्या असलेलं ते ब्रायोप्सिस, आणि हे दोघे वेगळे ओळखता आलेच पाहिजेत कारण हेअर अल्गी गोगलगायी आणि मासे खातात, ब्रायोप्सिसला सहसा कुणी तोंड लावत नाही. एक छोटा तुरा चिमट्याने काढा, पांढऱ्या वाटीत टँकचंच पाणी घेऊन त्यात पसरवा आणि भिंगातून बघा, मधली काडी आणि दोन्ही बाजूंना ओळीने फांद्या दिसल्या तर ब्रायोप्सिस. हिरवे चकचकीत मणी दिसले तर ते व्हॅलोनिया, म्हणजे बबल अल्गी.

आणि शेवटचं म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, ज्याला सगळे डायनो म्हणतात. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले, संध्याकाळपर्यंत भरपूर, रात्री बरंचसं गायब, दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. गोगलगायी सुस्त पडायला लागल्या किंवा मरायला लागल्या तर डायनोचा संशय आधी घ्या, काही प्रकार विषारी असतात. शंका असेल तर घरच्या घरी एक टेस्ट होते, थोडं बुळबुळीत सॅम्पल पाण्यासकट एका छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टर किंवा टिश्यूमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. परत तारा जमून आल्या तर डायनो समजा. मायक्रोस्कोप मिळाला तर त्याहून उत्तम, ४०० पट मोठं करून बघितलं की कुठला डायनो तेही कळतं आणि ते का महत्त्वाचं ते पुढे सांगतो.

टेस्ट शून्य दाखवते तरी शेवाळ का वाढतं

शेवाळाला लागतं नायट्रेट, फॉस्फेट आणि लाइट. हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. रॉकवर दोन इंच हिरवे केस आहेत आणि टेस्ट किट म्हणतंय नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मग लोक म्हणतात माझे न्यूट्रियंट तर कमी आहेत, हे कुठून आलं. अहो ते शेवाळच पाण्यातलं सगळं खाऊन बसलंय, म्हणून पाण्यात काही उरत नाही. टेस्ट तुम्हाला फक्त शिल्लक दाखवते, दिवसभरात टँकमध्ये किती आलं आणि किती खपलं ते दाखवत नाही. त्यामुळे टेस्टचा आकडा आणि डोळ्याला दिसणारी वाढ दोन्ही एकत्र वाचायचं.

दुसरा गैरसमज म्हणजे शून्य हे ध्येय. अजिबात नाही. कोरलला आणि त्याच्या आत राहणाऱ्या झूझॅन्थेलीला (सूक्ष्म शेवाळाला) पण नायट्रेट-फॉस्फेट लागतंच, दोन्ही शून्यावर नेलेत तर कोरल फिके पडतात आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डायनो चढून बसतात. हिरव्या शेवाळाला घाबरून सगळं शून्य केलं आणि डायनो ओढवून घेतले, असं इतक्या लोकांचं होतं की मी हे परत परत सांगतो, आगीतून फुफाट्यात पडू नका. मिक्स रीफसाठी (मऊ आणि कडक कोरल एकत्र असलेल्या टँकसाठी) नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या रेंजमध्ये स्थिर ठेवलं तरी पुरे, आणि यात स्थिर हा शब्द आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. फॉस्फेटसाठी रंग जुळवायच्या किटपेक्षा डिजिटल चेकर घ्या, इतक्या कमी आकड्याला डोळ्याने रंग जुळवणं म्हणजे अंदाजपंचे काम. चेकर जर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवत असेल तर त्या आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा, मग फॉस्फेट पीपीएममध्ये येतं.

हे सगळं येतं कुठून तर मुख्यतः खाण्यातून. मासे जे खातात त्यातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस परत पाण्यातच येतो. म्हणून मासे उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही, उलट सडपातळ मासे दिसले की मला वाईट वाटतं, पण एका वेळी मासे संपवतील तेवढंच द्या, फ्रोझन असेल तर वितळवून त्याचं पाणी गाळून टाका आणि खाऊ घालताना रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं पाणी वर आणणारा) थोडा वेळ बंद ठेवा म्हणजे तुकडे ओव्हरफ्लोत (पाणी खाली उतरायच्या जागेत) जाऊन सडत नाहीत. वरून जे पाणी भरता ते आणि मीठ कालवायचं पाणी दोन्ही आरओडीआयचंच हवं, टीडीएस शून्य, नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधीकधी तांबं पण असतं. मेलेला मासा किंवा गोगलगाय रॉकच्या मागे पडून राहिली का तेही बघत जा.

हाताने काढायचं काम, हे टाळता येत नाही

लोक या पायरीला कंटाळतात पण निम्मं यश इथेच आहे. कारण गोगलगायी छोटं, नुकतं उगवलेलं शेवाळ खातात, लांब केस वाढले की त्या तिकडे फिरकत पण नाहीत. म्हणजे आधी तुम्ही कापणी करायची आणि मग त्यांनी ती जमीन साफ ठेवायची, या क्रमाने. शिवाय जे शेवाळ तुम्ही बाहेर काढता त्याच्यात साठलेलं नायट्रेट-फॉस्फेट पण त्याच्याबरोबर कायमचं बाहेर जातं, हा एक्स्पोर्ट कुठल्याही औषधाने होत नाही. औषधाने मेलेलं शेवाळ तिथेच सडतं आणि सगळं परत पाण्यात सोडतं.

जो रॉक सहज निघतो तो बाहेर काढा, बादलीत टँकचंच पाणी घ्या, कडक टूथब्रशने घासा, केस मुळापासून पिळून उपटा, दुसऱ्या बादलीत खळखळून धुवा आणि परत ठेवा. टँकच्या आत घासलंत तर प्रत्येक तुकडा उडून दुसरीकडे जाऊन रुजतो. जे रॉक निघत नाहीत त्यांच्यासाठी पंप बंद करा, सायफनच्या नळीच्या तोंडाला टूथब्रश रबरबँडने बांधा म्हणजे घासलेलं लगेच नळीत ओढलं जातं, आणि नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) सोडा, पाणी परत येतं आणि कचरा सॉकमध्ये अडकतो. काम संपलं की सॉक तेव्हाच काढून धुवा, उद्यावर टाकू नका. सगळा टँक एका दिवसात घासायचा नाही, दर आठवड्याला एक भाग घ्या, त्याला जोडून १० टक्के पाणी बदला. मधल्या दिवसांत टर्की बेस्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या पिचकारीने) रॉकच्या फटीतला गाळ उडवत राहा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि सॉक तो पकडतात. सॉक तीन-चार दिवसांनी बदलला नाही तर त्यातला कचरा तिथेच कुजून नायट्रेट होतो, मग तो असून नसून सारखाच.

एक गोष्ट इथे गांभीर्याने सांगतो. रॉकवर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे कोरलसारखे जीव) असतील तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ब्रश लावू नका, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, डोळ्यात उडालं किंवा जखमेत गेलं तर हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि शेवाळ मारायला लाइव्ह रॉक (जिवंत जीव वसलेला टँकमधला दगड) उकळायचा विचार तर कधीच करू नका, त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.

हट्टी जागेवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण रॉक पाण्याबाहेर काढून, फक्त शेवाळावर ड्रॉपरने टाकून, दोन-तीन मिनिटं थांबून, टँकच्या पाण्याने धुऊन परत ठेवायचा. कोरलच्या टिश्यूवर पडू देऊ नका आणि टँकमध्ये थेट ओतू नका, कोळंबी, विशेषतः क्लीनर आणि पेपरमिंट, याला फार नाजूक असतात.

खाणारी मंडळी

गोगलगायींमध्ये माझी पहिली पसंती ट्रोकस, कारण उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया चांगलं खाते पण वाळूवर उलटी पडली की तशीच मरते, रोज बघून सरळ करावी लागते. टर्बो सगळ्यात जास्त खाते पण रणगाड्यासारखी चालते, न चिकटवलेले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) पाडत जाते. वाळूसाठी सेरिथ. नासारियस लोक शेवाळासाठी घेतात पण ती शेवाळ खातच नाही, ती उरलेलं मांस आणि मेलेले जीव खाते, तिचं काम वेगळं. हर्मिट क्रॅब थोडं खातात पण शंखासाठी गोगलगायी मारतात, त्यामुळे ठेवायचेच असतील तर रिकामे शंख टाकून ठेवा. टक्सीडो अर्चिन जबरदस्त साफ करतो, फक्त तो जांभळं कोरलाइन (दगडावरचं कडक, हवंहवंसं शेवाळ) पण खरवडतो.

दर लिटरमागे इतक्या गोगलगायी असले हिशोब वाचून पन्नास-साठ एकदम आणू नका. थोड्या आणा, महिनाभर बघा, कमी पडल्या तर अजून आणा, नाहीतर शेवाळ संपल्यावर त्या उपासमारीने मरतात आणि सडून परत शेवाळालाच खत घालतात. आणताना ड्रिप पद्धतीने (टँकचं पाणी थेंबथेंब घालत) हळूहळू सवय करा, खारटपणातला छोटासा फरकही त्यांना सहन होत नाही. सी हेअरच्या (शेवाळ खाणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायीच्या) बाबतीत तर हे अजून खरं, तो हेअर अल्गीचं जंगल भराभर साफ करतो पण जंगल संपलं की उपाशी राहतो, आणि टँकमध्ये मेला तर विष सोडू शकतो, म्हणून काम झालं की दुसऱ्या कुणाच्या शेवाळलेल्या टँकमध्ये देऊन टाका आणि तो असेपर्यंत पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला जाळी लावा.

माशांमध्ये लॉनमोअर ब्लेनी, कोले टँग, यलो टँग, फॉक्सफेस हे नेहमीचे. टँगला पोहायला जागा लागते, चारशे लिटरच्या खाली मी तरी टँग ठेवू नका असंच सांगेन, शेवाळासाठी मासा कोंडून ठेवणं बरोबर नाही. फॉक्सफेसच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, हात घालताना तो कुठे आहे ते बघा.

स्पर्धक आणि फिल्टर

रिफ्युजियम म्हणजे सम्पमध्ये आपल्याला हवं ते शेवाळ मुद्दाम वाढवायचं, सहसा कीटोमॉर्फा, आणि ते कापून बाहेर टाकायचं. लाइट मुख्य टँकच्या उलट्या वेळी लावला की रात्री पीएच तितका घसरत नाही. पण लाइट जोरदार हवा, मिणमिणत्या दिव्याखाली कीटो नुसता जगतो, वाढत नाही, आणि जो वाढत नाही तो काही खात पण नाही. वाढला की अर्धा काढून टाकायचा. अल्गी स्क्रबर त्याच तत्त्वावर चालतो, जाळीवर पाण्याची पातळ धार आणि जोरदार लाइट, ही कल्पना स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी पुढे आणली.

फॉस्फेट खरंच जास्त असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) वापरा, पण पाकिटावर लिहिलेल्या डोसच्या अर्ध्यापासून सुरुवात करा आणि दोन दिवसांनी मोजा. फॉस्फेट झपकन खाली आलं की अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएस (छोट्या पॉलिपच्या कडक) कोरलची टिश्यू सोलायला लागते. व्होडका किंवा व्हिनेगर डोसिंगने बॅक्टेरिया वाढतात, ते न्यूट्रियंट खातात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो, हे चालतं, पण चांगला स्किमर नसेल तर करू नका, आणि डोस वाढवल्यावर सायनो दिसायला लागला तर डोस कमी करा.

लाइटचं थोडक्यात. ८ ते ९ तास पुरे, पांढरा आणि लाल चॅनेल कमी ठेवा, खिडकीचं ऊन टँकवर पडत असेल तर पडदा लावा. लाइट कमी केल्याने शेवाळाचा वेग कमी होतो, मूळ कारण जात नाही, हे लक्षात ठेवा. फ्लोचं पण तसंच, तासाला टँकच्या २० ते ४० पट पाणी फिरायला हवं आणि जिथे गाळ साठतो त्या मेलेल्या कोपऱ्याकडे पॉवरहेड वळवा, सायनो सहसा तिथूनच सुरू होतो.

प्रकाराप्रमाणे शेवटचा उपाय

सायनोसाठी सायफन, फ्लो, आणि नायट्रेट शून्य असेल तर ते थोडं वर आणणं, याने बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर लाल स्लाइमसाठी मिळणारी पावडर, पण तेव्हा एअरस्टोन लावायलाच हवा कारण ऑक्सिजन खाली जातो, आणि नंतर काही दिवस स्किमर वेड्यासारखा फेसाळतो, कप उतू जातो, त्याची तयारी ठेवा.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) चालतं, साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम. कार्बन (फिल्टरमधला सक्रिय कोळसा) आणि जीएफओ काढून ठेवायचे, स्किमर बंद किंवा कप काढून, आणि दोन आठवडे धीर धरायचा, पहिल्या काही दिवसांत काहीच होत नाही म्हणून दुसरा डोस टाकू नका. शेवाळ पांढरं पडायला लागलं की सायफनने काढत जा, शेवटी मोठा वॉटर चेंज आणि कार्बन परत सुरू. गोड्या पाण्याच्या टँकसाठीचं शेवाळनाशक मात्र चुकूनही नाही, त्यात तांबं असलं तर गोगलगायी, कोळंबी, कोरल काहीच वाचत नाही.

बबल अल्गीचे मणी न फोडता मुळाशी नळी लावून एकेक सोडवा, एमराल्ड क्रॅब मदत करतो पण मोठा झाला की त्याच्यावर लक्ष ठेवा.

डायनोला सगळं उलटं. वॉटर चेंज थांबवा, जीएफओ बंद, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास मुद्दाम डोस करून आणा आणि तिथे टिकवा. मायक्रोस्कोपमध्ये ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर तो रात्री पाण्यात तरंगतो, म्हणून टँकमधलंच पाणी खेचणारा चांगला यूव्ही (अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारा दिवा) लावला की तो मरतो, त्याच्या जोडीला तीन दिवसांचा ब्लॅकआउट केला तर अजून लवकर. अ‍ॅम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्यावर यूव्हीचे पैसे वाया जातात, तिथे सिलिकेट डोस करून डायटमना मुद्दाम वाढू देतात म्हणजे ते त्याची जागा घेतात. तोपर्यंत कार्बन चालू ठेवा, विषाचा त्रास कमी होतो.

इतकं सगळं करून, खाणं मोजून, पाणी शुद्ध ठेवून दोन-तीन महिन्यांनीही हिरवे केस ठरावीक एक-दोन रॉकवरच परत येत असतील तर तो रॉकच फॉस्फेट सोडतोय. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं, पाण्यातलं कमी झालं की रॉक हळूहळू सोडतो, म्हणून जीएफओने खाली आणलेला आकडा काही दिवसांत परत वर चढतो. अशा वेळी दोन मार्ग आहेत, एकतर महिनोन्‌महिने थोडं थोडं जीएफओ चालू ठेवून रॉक रिकामा होईपर्यंत वाट बघणं, किंवा तो रॉक काढून वेगळ्या डब्यात खारं पाणी, हीटर, पॉवरहेड घालून अंधारात ठेवणं आणि तिथलं फॉस्फेट मोजत पाणी बदलत राहणं. डब्यातला आकडा आठवडाभर ०.१ च्या खाली टिकला की तो रॉक परत टँकमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी त्यावर दोन ट्रोकस सोडा.